सलाईनची बाटली आणि लघवीचं माप



गडब, कासू, वडखळ, डोलवी या पट्ट्यातल्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो. अंतर्गत कर्जाच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना असतो. त्यात कुणी बियाणं लिहितं, कुणी मुलाची फी लिहितं, आणि बऱ्याच जणी एकच शब्द लिहितात, दवाखाना. थोडं बसून विचारलं की उत्तर येतं, "काही नाही हो ताई, अशक्तपणा आलेला. दोन बाटल्या चढवल्या, बरं वाटलं." आज आपल्याला या बाटलीबद्दल बोलायचं आहे. आणि त्याहून जास्त बोलायचं आहे ते दवाखान्यात खरोखर दाखल असलेल्या पेशंटबद्दल, ज्यांच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमीजास्त झाल्यामुळे जीव टांगणीला लागलेला असतो. खाटेवर कुणीही असो, शेजारच्या स्टुलावर बहुतेक वेळा बाईच बसलेली असते. सून, मुलगी, बायको, नाहीतर आई. पेशंट काय प्यायला, किती प्यायला, लघवी शेवटची कधी झाली, हे डॉक्टरांच्या आधी तिला माहीत असतं. पण ते तिला कुणी विचारत नाही, आणि तीही आपणहून सांगत नाही.

आम्ही काही डॉक्टर नाही. आशाताई, सिस्टर आणि डॉक्टर यांच्याकडून जे समजून घेतलं, ते आपल्या बोलीत सांगतो आहोत. कुठलं औषध किती घ्यायचं ते आम्ही सांगणार नाही, ते विचारायचं डॉक्टरांनाच.

आधी बाटलीत काय असतं ते पाहू. साधी सलाईन, जिला दवाखान्यात 'एनएस' म्हणतात, ती म्हणजे जंतू नसलेल्या पाण्यात विरघळवलेलं मीठ. एका लिटरला ९ ग्रॅम. आपल्याकडे लावतात ती बाटली बहुतेक वेळा ५०० मिलीची, म्हणजे तिच्यात साडेचार ग्रॅम मीठ. एक चहाचा चमचासुद्धा धड भरत नाही. दुसरी बाटली डेक्स्ट्रोजची, पाच टक्क्यांची. तिच्या अर्ध्या लिटरात २५ ग्रॅम साखर असते, पाच-सहा चमचे धरा. तिच्यातून मिळणारी ताकद एका भाकरीएवढीही नसते. तिसरी 'आरएल'. तिच्यात मिठाबरोबर थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट असतं. जुलाब, ऑपरेशन, भाजणं अशा वेळी ती जास्त लावतात. आणि ती पिवळी बाटली, जिच्यावर आपल्या बायकांचा फार विश्वास, तिच्यात बी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचलेलं असतं. पिवळा रंग त्या जीवनसत्त्वाचा असतो.

मग बरं का वाटतं? खरंच अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर वाटणारच. पण तेवढं पाणी तोंडानं पिता आलं असतं. आम्हाला दुसरंही एक कारण दिसतं. बाटली संपेपर्यंत दोन तास त्या बाईला कुणी उठवत नाही, कुणी चहा मागत नाही, उलट नवरा बाजूला बसून "कसं वाटतंय" विचारतो. महिन्यातली तेवढीच तिची विश्रांती! तिच्या अंगात रक्त कमी असेल, तर मात्र त्या बाटलीनं हिमोग्लोबिन एका थेंबानंही वाढत नाही. पैसे जातात आणि खरा आजार तसाच राहतो.

आता ज्यांना ही बाटली खरोखर लागते त्यांच्याकडे वळू.

आपल्या खाडीकाठच्या बायकांना मीठ आणि पाणी यांचं नातं कुणी शिकवायला नको. पेण, अलिबाग, उरणकडची मिठागरं आपण पाहिली आहेत, आपल्यातल्या काही घरांतल्या म्हाताऱ्या बायांनी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या आहेत. खाडीचं पाणी आगरात घेतात, ऊन त्यातलं पाणी ओढून नेतं, राहिलेलं पाणी दाट होत जातं आणि शेवटी मीठ धरतं. आपल्या अंगातही असंच खारं पाणी आहे. बाईच्या वजनातला साधारण निम्मा भाग पाण्याचा असतो, तान्ह्या बाळात तर पाऊण. त्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. रक्ताच्या रिपोर्टवर सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम साडेतीन ते पाच, एवढ्यात असावं लागतं. हा हिशोब सांभाळण्याचं काम मूत्रपिंडं करतात, म्हणजे किडन्या. आपण एक दिवस जास्त पाणी प्यायलो, एक दिवस खारवलेलं जास्त खाल्लं, तरी त्या लघवीतून बरोबरी करून टाकतात. उलट्या, जुलाब, खूप ताप, भाजणं, मोठं ऑपरेशन, हृदयाचा किंवा लिव्हरचा आजार, खूप वाढलेली शुगर, यांत मात्र हा हिशोब त्यांच्याही हाताबाहेर जातो. किडनीच बिघडली असेल तर मग विचारायलाच नको.

ऊन काय करू शकतं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला. लाखो लोक भर उन्हात तासन्‌तास बसले होते. उष्माघातानं १४ जणांचे प्राण गेले आणि कितीतरी जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्या गावांमधूनही माणसं मोठ्या संख्येनं गेली होती, म्हणून ती गोष्ट अजून सगळ्यांच्या मनात आहे. घामावाटे पाणी जातं आणि मीठही जातं. दोन्ही भरून आलं नाही की अंग थंड ठेवण्याची ताकद संपते. अशा माणसाला आधी सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्यानं सगळं अंग पुसून वारा घालायचा आणि १०८ ला फोन करायचा. तो शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. ते पोटात न जाता फुफ्फुसात जातं.

दवाखान्यात अशा पेशंटच्या खाटेला एक कागद लावलेला असतो. त्याला 'इनटेक-आउटपुट चार्ट' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. ही आपली गटाची रोकड वहीच आहे. अंगात गेलं ते जमा, अंगातून बाहेर आलं ते खर्च, आणि चोवीस तासांनी शिल्लक काढायची. जमेत सलाईन येते, चहा येतो, पेज येते, गोळीबरोबरचा पाण्याचा घोटसुद्धा येतो. खर्चात लघवी, उलटी, पातळ जुलाब, आणि पोटातून किंवा छातीतून नळी काढलेली असेल तर तिच्यातून येणारं पाणी. श्वासातून आणि कातडीतून रोज साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी न दिसता जातं, तापात त्याहून जास्त. ते आपल्याला मोजता येत नाही, ते डॉक्टर मनात धरतात.

एक उदाहरण करून बघू. दिवसभरात तीन बाटल्या लागल्या, म्हणजे १५०० मिली. पेज २००, ओआरएस ३००, चहा १००. जमा झाले २१००. लघवी ७००, उलटी २००, खर्च ९००. शिल्लक १२००, त्यातून घामाश्वासाचे सहाशे गेले तरी सहाशे मिली अंगात राहिले. जुलाबानं सुकून आलेल्या पेशंटच्या बाबतीत ही शिल्लक चांगली, कारण आधीची तूट भरून निघते आहे. पण हाच हिशोब हृदय कमजोर असलेल्या आजोबांचा असेल, तर ते सहाशे मिली पायात आणि फुफ्फुसात साठायला लागतात. आकडे सारखेच आहेत, पण कुणाचे आहेत त्यावर त्यांचा अर्थ ठरतो.

आता खरी अडचण. हा कागद सिस्टरनं भरायचा असतो. पण वॉर्डात सिस्टर एक आणि खाटा कितीतरी. तिला कसं कळणार की तुम्ही मधेच अर्धा पेला पाणी पाजलंत? आणि लघवीचं भांडं तर आपण लाजेपोटी पदराआड धरून घाईघाईनं न्हाणीत ओतून येतो. कुणी बघू नये म्हणून. मैत्रिणींनो, ती ओतलेली लघवी म्हणजे फाडून टाकलेली पावती आहे. ओतण्याआधी मोजायची. मापाच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं सिस्टरकडे मागा. मिळालं नाही तर पाण्याच्या जुन्या लिटरच्या बाटलीवर शाईनं खुणा करून घ्या. लघवी आणि शौच एकत्र झालं तर अंदाज लिहा आणि पुढे 'अंदाजे' असं लिहा. लंगोट किंवा डायपर असेल तर किती बदलले आणि किती जड होते ते लिहा.

किती लघवी व्हायला हवी? मोठ्या माणसाची तासाला दर किलो वजनामागे निदान अर्धा मिली. ५० किलोच्या बाईची तासाला २५ मिली, दिवसाला ६०० मिली. सहा तासांत दीडशेसुद्धा झाली नाही, तर राउंडची वाट न बघता सिस्टरला सांगायचं. लघवीची नळी घातलेली असेल तर तिची पिशवी खाटेपेक्षा खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला कुशीवर वळवताना ती पिशवी पोटावर ठेवायची नाही, त्यानं लघवी उलटी आत जाते आणि जंतू घेऊन जाते. नळी मांडीखाली दबलेली असली तरी पिशवी रिकामी दिसते आणि सगळे उगाच घाबरतात, म्हणून आधी तेवढं बघायचं.

वजनकाटा हाही एक साक्षीदार आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रात्रीत चरबी वाढत नाही, पाणी वाढतं. उभं राहता येणाऱ्या पेशंटचं वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत करायचं.

सोडियमची एक गोष्ट सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईंच्या सासूबाई, वय सत्तरीच्या पुढे. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू, आणि त्या गोळीत लघवी जास्त करणारं औषधही होतं. तीन-चार दिवस ताप आला, जेवण सुटलं, नुसतं पाणी पीत राहिल्या. मग असंबद्ध बोलायला लागल्या. रात्री उठून बसायच्या, मुलाला ओळखेनात. शेजारपाजारचे म्हणाले, बाहेरचं काहीतरी आहे, भगताला दाखवा. दोन दिवस त्यात गेले. शेवटी झटका आला तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं सोडियम होतं ११२.

तिथं पुढचा गोंधळ. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी द्या. बीपीची गोळी बंद केली, आणि जास्त मिठाची छोटी बाटली अगदी हळूहळू सोडायला लागले. घरचे चिडले. "मीठ कमी पडलंय ना? मग एकदम भरून टाका की. आणि म्हातारीला पाणी का देत नाही?" त्यांचं चिडणं आम्हाला समजतं. पण आमटीचं बघा. आमटी अळणी लागते ती दर वेळी मीठ विसरल्यामुळे नाही. कधी पाणीच जास्त पडलेलं असतं. आजारपणात किडनी कधीकधी पाणी बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते. अशा वेळी वरून अजून पाणी पाजलं तर आमटी अजून पाणचट होते. सोडियम कमी झालं की मेंदूच्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुगतात, म्हणून बडबड, गुंगी आणि झटके. ही भुताटकी नव्हे. म्हातारं माणूस अचानक दोन-तीन दिवसांत वेगळंच बोलायला लागलं, तर पहिली तपासणी रक्तातल्या मिठाची आणि साखरेची झाली पाहिजे.

आणि हळूहळू का? मेंदूनं त्या पाणचट रक्ताशी कसंबसं जमवून घेतलेलं असतं. मीठ एकदम वाढवलं की फुगलेल्या पेशींतलं पाणी झपाट्यानं बाहेर ओढलं जातं आणि मेंदूतल्या नसांना इजा होते. हातपाय लुळे पडतात, गिळता येत नाही, बोलता येत नाही. ते पुढे भरून येईलच असं नसतं. म्हणून चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त चढू देत नाहीत आणि दर काही तासांनी रक्त तपासतात. वारंवार सुई टोचतात म्हणून आपण भांडतो, पण त्या सुईशिवाय त्यांना वेग कळणार कसा? त्या सासूबाई पाचव्या दिवशी भानावर आल्या. पहिला प्रश्न विचारला, "कोंबड्यांना कोण घालतंय?"

आता पोटॅशियम. हे रक्तात अगदी थोडं असतं, बाकी सगळं पेशींच्या आत. पण त्या थोड्याशावर हृदयाचा ठोका अवलंबून असतो. जुलाब-उलट्यांत, किंवा लघवीच्या गोळ्यांनी ते कमी होतं. मग पायांत गोळे येतात, पाय उचलत नाहीत, पोट फुगतं, ठोके चुकायला लागतात. भरून काढायला ते सलाईनच्या बाटलीत मिसळून देतात. हात जळजळतो. ते होतंच, पण सिस्टरला सांगायचं.

आणि इथं आम्हाला हात जोडून सांगायचं आहे. बाटलीच्या नळीवर ते छोटं चाक असतं ना, त्याला हात लावू नका. एसटी चुकेल, घरी गुरं बांधायची आहेत, म्हणून ते चाक फिरवून बाटली भराभर संपवणारे नातेवाईक आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. पोटॅशियम घातलेली बाटली अशी सुसाट सोडली तर हृदय बंद पडू शकतं. दोन्हीं बाटल्या बाहेरून सारख्याच दिसतात, आत काय मिसळलंय ते तुम्हाला दिसत नाही. थेंब थांबला किंवा नळीत रक्त दिसलं तरी सिस्टरलाच हाक मारायची. बाटली चालू असताना थंडी वाजून कुडकुडायला लागलं, अंगावर गांधी उठल्या, आडवं पडल्यावर दम लागायला लागला, खोकला सुरू झाला, किंवा सुईच्या जागी हात सुजून टणक झाला, तर लगेच सांगायचं. सिस्टर ओरडली तरी सांगायचं.

किडनीच्या पेशंटमध्ये उलटं होतं. पोटॅशियम बाहेर जात नाही आणि वाढत जातं. ते फार वाढलं की डॉक्टर घाईनं कॅल्शियमचं इंजेक्शन देतात आणि साखरेच्या पाण्याबरोबर इन्सुलिन देतात. "आमच्या माणसाला शुगर नाही, इन्सुलिन का दिलं?" असं भांडण एका दवाखान्यात आम्ही ऐकलं आहे. तिथं इन्सुलिन शुगरसाठी नसतं. ते रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं, आणि डायलिसिस होईपर्यंत हृदयाला सांभाळतं.

म्हणून शहाळ्याबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे पेशंटला भेटायला जाताना हातात शहाळं असतंच. गैर नाही, बहुतेकांना ते चांगलंच. पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असतं. किडनी निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला एक शहाळं घातक ठरू शकतं. केळी, मोसंबीचा रस यांचंही तसंच. बाजारात 'सोडियम कमी' असं लिहिलेलं मीठ मिळतं, त्यात साध्या मिठाच्या जागी काही भाग पोटॅशियमचा असतो. बीपीसाठी चांगलं म्हणून एखादा ते आणतो आणि घरातल्या किडनीच्या पेशंटलाही तेच घातलं जातं. भेटायला आलेल्यांना शहाळं परत न्या म्हणणं जड जातं खरं, म्हणून खाटेजवळ सरळ चिठ्ठी लावा, 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही पाजू नये.' ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या पेशंटसाठीही तीच चिठ्ठी कामाला येते. "घोटभर चहानं काय होतंय" म्हणून चोरून दिलेला चहा भुलीत उलटून फुफ्फुसात जाऊ शकतो.

हृदय आणि किडनीच्या पेशंटला पाणीही मोजून सांगतात. डायलिसिसवाल्यांना बहुधा काल जेवढी लघवी झाली तेवढं अधिक अर्धा लिटर, एवढंच. त्यात चहा, ताक, आमटी, बर्फ सगळं आलं. तहान फार छळते. अशा वेळी गुळण्या करून टाकणं, लहान पेल्यात घेणं, बर्फाचा छोटा तुकडा चघळणं, यानं थोडं निभतं. पण खरं दुखणं मिठात आहे. मीठ खाल्लं की तहान लागतेच. आणि आपलं जेवण आठवा. सुके बोंबील, जवळा, सोडे, लोणचं आणि आपल्या पेणचे पोह्याचे पापड. भाजीत मीठ कमी घालून वरून पापड वाढला, तर काय उपयोग? सुकी मासळी धुतली तरी सगळं मीठ निघत नाही. पेशंटपुरतं ताजी मासळी, वरून लिंबू, लसूण, मिरी, असं करता येतं. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का, रात्री उशा वाढवाव्या लागतात का, तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं का, याकडे लक्ष ठेवा. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

जुलाबाचं शेवटी घेतो, कारण ते सगळ्यात जास्त आपल्या हातात आहे. खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरचं पाणी आणि पावसात गढूळ पाणी, त्यामुळे जुलाब आपल्याला नवे नाहीत. १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉ. थॉमस लॅटा यांनी कॉलऱ्याच्या पेशंटला पहिल्यांदा शिरेतून मीठपाणी दिलं, तिथून सलाईनची सुरुवात झाली. पण १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आली. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, साखर, सोडा मोजून पाण्यात घातला आणि नातेवाइकांच्याच हातात पेले देऊन पाजायला सांगितलं. मरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते तीनच्या आसपास आलं. बेशुद्ध पेशंटना सलाईन लागलीच, पण बाकीच्यांना माणसांनी पेल्यानं वाचवलं. सरकारनं त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

साखर का लागते? आतड्यात मीठ एकटं नीट शोषलं जात नाही, ग्लुकोज सोबत असलं की दोघं मिळून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून जातं. म्हणून प्रमाण महत्त्वाचं. पुडा पूर्ण फोडायचा आणि एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालायचा. अर्धा पुडा अंदाजानं पेल्यात घालायचा नाही. दाट झालं तर जुलाब वाढतात, लहान मुलाचं सोडियम वाढतं. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. पुडा नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा मीठ घातलेली भाताची पेज. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्यानं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात, त्या १४ दिवस पूर्ण द्यायच्या, जुलाब थांबले तरी. दुकानातले गोड रंगीत डबे मात्र ओआरएस नव्हेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआय या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनं अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' शब्द वापरायला बंदी केली. पुडा घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलंय का ते वाचून घ्या. मूल सुस्त पडलं, पिऊ शकत नाही, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते, तर घरी पाजत बसू नका. ते मूल सलाईनचं आहे, त्याला लगेच न्या.

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरची घाई असते, पण कागद हातात घेतल्यावर एवढं विचारून निघा. सोडियम-पोटॅशियमचा शेवटचा आकडा किती, रक्त पुन्हा कोणत्या तारखेला तपासायचं, जुनी बीपीची किंवा लघवीची गोळी चालू ठेवायची की बंद, दिवसाला पाणी किती, मीठ किती, आणि घरी जुलाब-उलट्या लागल्या तर त्या दिवशी लघवीची गोळी घ्यायची का. हा शेवटचा प्रश्न फार कमी जणी विचारतात. उत्तरं केसपेपरच्या मागे लिहून घ्या, सुनेला कळेल अशा अक्षरात.

येत्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा रोजचा पाण्याचा पेला, चहाचा कप आणि पेजेची वाटी घेऊन यायचं आहे. गटासाठी मापाचं भांडं आणलं आहे. कुठल्यात किती मिली मावतं ते मोजून खाली खिळ्यानं आकडा कोरून घेऊ.